मासेमारीचा नियम लागू करायच्या आधी तपासायचा कसा? सोसायटीत तीन प्रस्ताव आलेत

हर्णैचा_नाखवा

नमस्कार मंडळी, जरा डोकं लावून उत्तर द्या, पुढच्या महिन्यात सोसायटीची मिटिंग आहे आणि तिथे भांडणं होणार हे आत्ताच दिसतंय. विषय असा की आमच्याकडे गिलनेटवाले (पाण्यात जाळ्याची भिंत उभी करणारे) आहेत, छोटे ट्रॉलरवाले (पिशवीसारखं जाळं ओढणारे) पण आहेत, ऑगस्टात बोटी सुटल्या की महिना दोन महिने बरं चालतं आणि दिवाळी झाली की डिझेलचे पैसे सुटत नाहीत अशी रड सुरू. सरकारी नियम आहेतच, १ जून ते ३१ जुलै बंदी, ट्रॉलच्या पिशवीला ४० मिमीचा चौकोनी आस (म्हणजे जाळ्याचं भोक), २०२३ पासून ५४ जातींना किमान साईझ, सगळं कागदावर आहे. पण आपल्यापुरता काहीतरी जास्तीचा नियम करूया असं काही जणांनी मनावर घेतलंय.

तीन प्रस्ताव आलेत. एक, बांगड्याला दर बोटीमागे दर फेरीला क्रेटची लिमिट. दुसरा, बारकी मच्छी बंदरात उतरवायचीच नाही, उतरवली तर दंड. तिसरा म्हाताऱ्या मंडळींचा, सरकारी बंदी संपली तरी नारळी पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत कोणी बोट सोडायची नाही, पूर्वीसारखं.

ज्याला त्याला आपलाच भारी वाटतो. मला एवढंच विचारायचंय, यातला कुठला चालेल हे पाच वर्षं वाट न बघता आधीच तपासता येतं का? भाचा शिरगावला फिशरीज कॉलेजात आहे, तो म्हणतो कॉम्प्युटरवर चालवून बघतात. आमच्यासारख्यांना जमेल का ते? लिलावाची वही आहे आमच्याकडे बऱ्याच वर्षांची, कुठल्या बोटीचा किती माल, काय दराने गेला, सगळं. पण समुद्रात मासा किती आहे हे कोणाच्या वहीत असतं का?

खारावारा

भाचा बरोबर सांगतोय आणि जमेल पण. मी याच धंद्यातला आहे, म्हणजे मासे मोजण्याच्या, पकडण्याच्या नाही.

समुद्रात नक्की किती मासा आहे ते माहीत असायची गरजच नाही, ते माहीत नाही हे धरूनच नियम तपासतात. करायचं काय, तर एक्सेलमध्ये एक खोटा समुद्र बनवायचा, त्यात मासा वाढतो, मरतो, तुम्ही पकडता, आणि त्यावर तुमचा नियम वीस-तीस वर्षं चालवून बघायचा. मग दुसरा खोटा समुद्र, तिथे मासा हळू वाढतो. तिसऱ्यात मधूनच एखाद्या वर्षी पैदास फसते. चौथ्यात लोक वहीत कमी लिहितात, आणि पाचव्यात निम्मे लोक नियम पाळतच नाहीत. जो नियम या सगळ्यात बऱ्यापैकी तरतो तो घ्यायचा, एकाच समुद्रात पहिला नंबर काढणारा नाही. आंतरराष्ट्रीय व्हेल कमिशनमधल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत आधी बसवली, दक्षिण आफ्रिकेत तारली आणि अँकोव्हीला वापरली, आणि २०११ मध्ये दक्षिणेकडच्या ब्लूफिन ट्यूनासाठी अशीच आधी तपासून घेतलेली पद्धत स्वीकारली, तिच्यावरून पुढची काही वर्षं कोटा काढला.

साधा हिशोब देतो, मिटिंगच्या आधी कागदावर करून बघा. समजा कोणी पकडतच नसतं तर बांगडा १००० टन असता आणि वाढीचा वेग ०.४. वर्षाची वाढ काढायची अशी: ०.४ गुणिले साठा गुणिले (१ वजा साठा भागिले १०००). साठा ५०० असताना वाढ येते १०० टन, हीच सगळ्यात जास्त. मग कोणीतरी हुशार म्हणणार, दरवर्षी १०० टन पकडा, झालं. आता एक वर्ष वाईट गेलं आणि साठा ४०० वर आला. वाढ ९६, तुम्ही काढले १००. फरक चारच टनाचा, कोणाच्या लक्षात पण येत नाही. पण ३०० ला वाढ ८४ होते आणि २०० ला ६४, तुम्ही मात्र १००च काढत बसलाय, म्हणजे सुरुवातीला कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्याऐवजी नियम केला की असेल त्याचा पाचवा हिस्सा काढायचा, तर ५०० ला १००च मिळतात, पण ४०० ला तुम्ही ८० काढता, वाढ ९६, पुढच्या वर्षी साठा ४१६. आपोआप वर येतो.

आणि हे ट्रॉलरवाल्यांना मुद्दाम दाखवा. पाचवा हिस्सा काढत राहिलात तर कायमचे १०० टन. ३० टक्के काढत राहिलात तर साठा २५० वर येऊन थांबतो आणि हातात येतात ७५. फेऱ्या जास्त, डिझेल जास्त, मासा कमी.

तुमच्या तीन प्रस्तावांवर संध्याकाळी लिहितो.

मिरकरवाडा_एक्सप्रेस

साहेब तुमचं एक्सेल ठीक आहे पण बांगड्याने ते वाचलंय का?

केरळचं बघा. २०१२ ला तारली चार लाख टनांच्या आसपास आणि २०२१ ला सव्वातीन हजार. लाख नाही, हजार. तिकडे किमान साईझचा नियम आपल्या कितीतरी आधी आलाय, तारली १० सेंमी आणि बांगडा १४, पाळतात पण बऱ्यापैकी, बोटींना दंड होतात, आणि तरी मासा गेला. एल निनो म्हणा पाणी तापलं म्हणा, समुद्राला वाटेल तेव्हा देतो नाहीतर नाही देत. आणि आम्ही इथे क्रेट मोजत बसायचं? रात्री बारा नॉटिकल मैलांच्या बाहेर बघा जाऊन, मासा ओढायला लावलेल्या एलईडीचा उजेड नुसता. केंद्राची बंदी आहे ना २०१७ पासून? पर्ससीनला (अख्खा थवा वेढून धरणारं मोठं जाळं) राज्याच्या २०१६ च्या आदेशात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिलेत, त्यानंतर कोण कोण फिरतं ते बंदरावरच्या पोरांना पण माहितीये. मग नियम फक्त आम्हालाच का, आधी ती बाहेरची धेंडं बंद करा मग आमच्या क्रेट मोजा.

आणि क्रेटच्या लिमिटचं एक सांगतो, लिमिट लावली की बारका माल फेकून मोठाच ठेवणार सगळे. मेलेला बांगडा परत पाण्यात. मी पण तेच करीन, खोटं कशाला बोला.

रापणीचो_गावकर

मिरकरवाडावाल्या भावा, रागावलास तरी शेवटचं बरोबर बोललास. मी मालवणचो, आमच्याकडे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), गिलनेटवाले आणि पर्ससीनवाले यांची जुनी भांडणं आहेत, ती इथे काढत नाही.

मला नाखव्यांना वेगळंच विचारायचंय. तुमची सोसायटी त्या पट्ट्यातल्या एकूण बांगड्यातला किती पकडते? कारण बांगडो काय हर्णैच्या बंदराचो मेंबर नाय, आज तुमच्याकडे, उद्या जयगडच्या पुढे, परवा आमच्या दारात नाहीतर गोव्यात. वर साहेबांनी दिलेला हिशोबच पुढे नेऊन बघा. सगळे मिळून ३० टक्के काढतायत, त्यात तुमच्या सोसायटीचे ३ टक्के. म्हणजे ७५ टनातले साडेसात तुमचे. तुम्ही शहाणपणा करून आपला हिस्सा निम्म्यावर आणलात, दीड टक्का. साठा २५० वरून २८७ वर जातो, चांगलं झालं. पण तुमच्या हातात येतात सव्वाचार टन, आणि बाकीच्यांचे साडेसदुसष्टवरून साडेसत्त्याहत्तर होतात. तुम्ही उपाशी राहिलात आणि जेवले दुसरेच!

म्हणून मी म्हणतो बांगड्यावर सोसायटीचा नियम करूच नका, नायतर निदान पाच-सहा बंदरांनी मिळून करा. आणि नियमच करायचा असेल तर खाडीत करा. तिसऱ्या, मुळे, कालवं, खेकडे, हे जागचे हलत नाहीत, हलले तरी बहुतेक खाडीतच. तुम्ही राखलेलं तुम्हालाच मिळतं. केरळात अष्टमुडी कायलात (खाडीसारखं खारं सरोवर) असंच केलं, डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढायच्या नाहीत, जाळ्याचा आस ठरलेला, आणि २०१४ मध्ये त्यांना एमएससीचं (मासा राखून धरतात असं सांगणारं आंतरराष्ट्रीय) सर्टिफिकेट मिळालं, भारतातलं पहिलं. ते कोणी मोठ्या ट्रॉलरवाल्याने नाही मिळवलं, खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्यांनी.

खारावारा

गावकर, हा हिशोब मीच द्यायला हवा होता, तुम्ही माझं काम केलंत. नियम तपासताना सगळ्यात आधी हेच बघायचं की नियमाचा हात किती माशापर्यंत पोचतो.

मिरकरवाडा, तारलीचं उदाहरण तुम्ही नियमाच्या विरोधात दिलंत पण ते माझ्या बाजूचं आहे. तारली, बांगडा हे कमी आयुष्याचे मासे, वर्ष-दोन वर्षांचा खेळ, पावसापाण्यावर वरखाली होणारच. अशा माशाला ठरावीक आकड्याचा नियम मारतो, कारण साठा पडतो आणि आकडा तिथेच राहतो. साठा पडतोय हे दिसलं की पकड त्याहून जास्त वेगाने कमी करणारा नियम पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या २००७ च्या धोरणात अशी तळाची रेघच आहे, मूळ साठ्याच्या २० टक्के, त्याच्या खाली गेलं की त्या माशावर धरून केलेली मासेमारी बंद, आणि शंभरातल्या नव्वद वेळा साठा त्या रेघेच्या वर राहील असाच नियम घ्यायचा. अंटार्क्टिकातल्या क्रिलला (कोळंबीसारखा बारीक जीव) पण तसंच, वीस वर्षांत अंडी घालणारा साठा २० टक्क्यांच्या खाली जायची शक्यता दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. नियमाला मार्क द्यायचे ते सरासरीवर नाही, वाईट वर्षात काय होतं त्यावर.

आता प्रस्ताव. क्रेटची लिमिट फेरीमागे आहे, म्हणजे फेऱ्या वाढल्या की लिमिटला अर्थ उरला नाही. शिवाय गिलनेटवाल्याला आठवडाभर काही लागत नाही आणि एका रात्रीत जाळं भरतं, त्याची तीच एक रात्र तुम्ही कापणार. ट्रॉलरला तसा फरक पडत नाही कारण त्याला रोज थोडं थोडं मिळतं. एकच नियम पण एकाचंच पोट मारतो. ठेवायचीच असेल तर महिन्याची ठेवा.

साईझचा नियम बंदरावर पाळून उपयोग नाही. ट्रॉलमधून वर आलेलं बारकं पापलेट मेलेलंच असतं, राज्यमासा म्हणून घोषित केलं काय आणि १३५ मिमीची मर्यादा घातली काय, त्याला काय कळतंय. साईझ सांभाळायची तर जाळ्याच्या आसात सांभाळायची, मासा खालीच सुटला पाहिजे. गिलनेटला ते सोपं आहे, आस ठरला की साईझ बऱ्यापैकी ठरते. डोलीचं (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) त्रांगडं वेगळं, जवळा पकडायचा तर आस बारीकच लागणार आणि त्यात बोंबलाची पिल्लं पण येणार, १८० मिमी लिहिलंय खरं बोंबलाला. तिथे जागा आणि महिना बदलणं हाच उपाय मला दिसतो.

नारळी पौर्णिमेचं मला भावतं पण एक गंमत बघा. २०२३ ला अधिक श्रावण होता, पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, म्हणजे महिनाभर जास्तीची बंदी. २०२५ ला ती ८-९ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम आठवडा. नियमाची ताकद माशावर नाही, पंचांगावर ठरणार. आणि त्या दिवसानंतर सगळे दुप्पट जोराने उतरले तर वर्षाची पकड तेवढीच राहते, फक्त तारीख पुढे जाते. वहीत बघा, जास्तीचे थांबलेले दिवस पुढच्या महिन्यात भरून निघाले का.

बंदरावरची_ताई

तुम्हा सगळ्यांचं वाचलं, एकाने पण बाईमाणसाला विचारलं नाही म्हणून लिहिते, लिलाव आम्ही घेतो आणि गावात टोपली आम्ही फिरवतो.

बोटी सुटल्या सुटल्या पहिल्या आठवड्यात एवढा माल येतो की बर्फ पुरत नाही आणि दर पडतो. तोच माल दोन महिन्यांत वाटून आला तर किलोला किती फरक पडेल ते नाखव्यांनी वहीतच बघावं. म्हणजे थोडं कमी पकडून पण पैसे तेवढेच मिळू शकतात, पण हे टनात मोजणाऱ्यांना दिसत नाही. नियमाचा हिशोब टनात नको, रुपयात करा, त्यातून डिझेल आणि बर्फ वजा करा आणि मग खलाशाच्या वाट्याला काय उरतं ते बघा.

दुसरं, समुद्रात मासा मोठा की बारका झालाय हे कोणाला कळत नाही असं वर दिसतंय. अहो वहीत दर आहे ना. किलोत सहा-सात बसणारा बांगडा आणि किलोत वीस बसणारा यांचा दर कधी सारखा लागतो का? बारका माल वेगळा लिहितात, नाहीतर कुटीवाल्याच्या (माशाची पावडर करणाऱ्याच्या) गाडीत जातो तो आकडा वेगळा असतो. एकूण मालात कुटीला किती गेला ते वर्षावर्षाचं काढा, कळेल सगळं.

आणि दंडाचं म्हणाल तर दंड घेणार कोण? चेअरमनच्या मेव्हण्याची बोट असली तर? त्याचं आधी ठरवा.

खारावारा

ताई, कुटीचा मुद्दा एक नंबर. असा डेटा मिळवायला आमच्या लोकांना बंदरोबंदर फिरावं लागतं, तुमच्याकडे तो वहीत पडलेला आहे.

वहीबद्दल दोन गोष्टी सांभाळा मात्र. नुसता एकूण माल बघू नका. २०१९ ला महाराष्ट्राचा माल २ लाख टनांवर आला, ४५ वर्षांतला सगळ्यात कमी, पण त्या वर्षी क्यार आणि महा अशी वादळावर वादळं आली आणि बोटी किनाऱ्याला बांधून होत्या. मासा कमी होता की फेऱ्या कमी होत्या? म्हणून माल भागिले फेऱ्या असं काढा. आता बांगड्यात तेही फसवतं, कारण बांगडा थव्याने राहतो, फिशफाइंडर (पाण्याखालचा थवा दाखवणारं यंत्र) असला की शेवटचा थवा पण सापडतो आणि फेरीमागचा आकडा शेवटपर्यंत छान दिसतो. कुठल्या बोटीला फिशफाइंडर कधी बसला, इंजिन कधी बदललं, हे वहीच्या बाजूला लिहून काढा. बोटी तेवढ्याच राहिल्या तरी पकडायची ताकद २० टक्क्यांवरून ३० वर अशीच जाते.

हर्णैचा_नाखवा

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. ताई, मेव्हण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं 😄

मला जे समजलं त्यावर असं मांडणार आहे. बांगड्याची क्रेट लिमिट या मिटिंगला नको, आधी दाभोळ आणि जयगडच्या लोकांशी बोलू, एकट्याने करून फायदा नाही. खाडीतल्या तिसऱ्या आणि खेकड्यांचा नियम लगेच करू, तिथे आमचीच माणसं उतरतात. गिलनेटच्या आसाचं ट्रॉलरवाल्यांना काही पडलेलं नाही त्यामुळे ते पास होईल, ट्रॉलच्या आसाला बोंब होणार. भाच्याला वही देतो, तो फेऱ्या आणि कुटीचा माल काढेल आणि ते पाच खोटे समुद्र पण चालवेल म्हणतो. म्हातारी मंडळी नारळी पौर्णिमेवर अडून बसणार, त्यांना पंचांगाचं कसं सांगू ते बघतो, कारण माझा बाप त्यातच आहे.

एक राहिलं, साईझ मोजायची म्हणजे कशी, किती मासे, कोण मोजणार?

मिरकरवाडा_एक्सप्रेस

ट्रॉलच्या आसाला बोंब होणारच नाखवा, ४० मिमीची पिशवी लावली की पहिल्या सिझनला माल कमी दिसतो आणि त्याच सिझनला बँकेचा हप्ता असतो. साहेबांनी वीस वर्षांचा हिशोब केला, त्यातलं पहिलं वर्ष कोण काढणार? ते पण एक्सेलमध्ये टाका.

खारावारा

टाकलंच पाहिजे. पहिल्या दोन वर्षांतला तोटा वेगळ्या रकान्यात काढा आणि मिटिंगमध्ये तोच आधी वाचून दाखवा, नाहीतर नंतर सगळे म्हणतील फसवलं. तो तोटा सोसायटी कसा वाटून घेते यावर नियम टिकतो की नाही ते ठरेल, आसावर कमी.

मोजायचं असं. निवड करायच्या आधीच्या ढिगातून उचला, निवडून क्रेट भरल्यावर नाही, नाहीतर बारके आधीच बाजूला गेलेले असतात. महिन्यातून एक-दोनदा, दर वेळी शंभर-दीडशे बांगडे, गिलनेटचे वेगळे आणि ट्रॉलचे वेगळे. लाकडी फळीवर पट्टी ठोकून घ्या, एका टोकाला आडवी फळी, मासा तिला तोंड टेकवून ठेवायचा. शेपटीच्या टोकापर्यंत मोजा नाहीतर शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजा, पण वर्षभर एकच धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा कुठलं धरलंय. अर्ध्या सेंमीच्या टप्प्यात रेघा मारत जायचं, शाळेतलं पोर पण करतं. त्यातून तीन गोष्टी बघायच्या, फ्रोज नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने २००४ मध्ये सुचवलेल्या: पकडलेल्यातले किती एकदा तरी अंडी घालण्याएवढे झालेले होते, किती सगळ्यात जास्त माल देणाऱ्या लांबीच्या आसपास होते, आणि खूप मोठ्या जुन्या माद्या किती मारल्या. पहिले दोन आकडे जितके जास्त तितकं बरं, तिसरा कमी.

बंदरावरची_ताई

मोजायला आमच्या दोघी येतील, सकाळचा लिलाव झाल्यावर नाही, आधी. पण बर्फ सोसायटीचा, आणि मोजलेला माल त्याच दराने आम्हालाच द्यायचा.